पायाळू

माझा जन्म पायाळू. म्हणजे जगात येताना माणसं साधारणपणे आधी डोकं बाहेर काढून अंदाज घेतात, मी पाय पुढे केले. त्यानंतरच्या आयुष्यातही मी कुठल्याच गोष्टीत आधी डोकं घातलं नाही, ती सवय तिथपासूनची आहे असं आमच्या हिचं मत आहे.

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे तीन समजुती आहेत. एक, त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं. दोन, कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूने पाय लावला की ती उतरते. आणि तीन, पायाळूवर वीज पडते.

पहिली समजूत खोटी असल्याचा पुरावा म्हणून मी माझं पासबुक कुणालाही दाखवायला तयार आहे. दुसरीने माझं बालपण खाल्लं. साताऱ्याला आमच्या वाड्यात भल्या सकाळी कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून वाकडं उभं असायचं. आई मला अंथरुणातून उठवायची आणि म्हणायची, "जा रे, अण्णांना एक लाथ घालून ये. आणि मग नमस्कार कर." वडीलधाऱ्यांना लाथ घालावी, वर त्यांच्या हातून पेढा घ्यावा, असं भाग्य किती मुलांच्या वाट्याला येतं? एकदा आमचे गणिताचे मास्तर आले होते. त्यांची सेवा मी इतक्या मनापासून केली, की पुढचे आठ दिवस शाळेला गणिताचा तास नव्हता.

तिसरी समजूत मात्र गमतीची नव्हती. आभाळ गडगडू लागलं की आई मला माजघरात नेऊन पाटावर बसवायची. दार बंद, खिडकी बंद, आणि ती माझ्यासमोर तांदूळ निवडत बसलेली. तिचा तर्क सरळ होता. वीज याला शोधत येणार. हा सापडला नाही की कंटाळून परत जाईल. विजेला इतकी कमी चिकाटी असेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून मी बोलत नसे.

पुढे मी शिकलो, बँकेत चिकटलो, यथावकाश निवृत्त झालो. गणेशोत्सवाच्या भाषणात 'अंधश्रद्धा' हा शब्द मी चार वेळा वापरतो आणि दरवेळी टाळी घेतो. पण आभाळात गडगडलं की मी अजूनही खिडकीपासून उठतो. विचारलं तर सांगतो, तिथे वाचायला उजेड कमी पडतो.

आता अशा माणसाने जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर संध्याकाळी, मुंबईहून नागपूरला विमानाने जावं का? पण भाच्याचं लग्न होतं. रेल्वेचं तिकीट मिळत नव्हतं, आणि मामाशिवाय अंतरपाट कोण धरणार, असा बहिणीचा सवाल होता. ही आधीच तिकडे गेलेली. तेव्हा मी एकटाच विमानात चढलो.

तीन खुर्च्यांच्या रांगेत माझी मधली. पलीकडे एक तरुण कानात बोंडुकली घालून बसल्या बसल्या झोपला होता. खिडकीशी एक आजी. पंचाहत्तरीच्या पुढच्या, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, आणि पायाशी एक कापडी पिशवी. यवतमाळकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या. डोंबिवलीला मुलीकडे दोन महिने राहून परत निघाल्या होत्या. येताना रेल्वेने आल्या, जाताना जावयाने विमानात बसवून दिलं. विमानात बसायची पहिलीच वेळ. मी लगेच पोक्त झालो. त्यांचा पट्टा बांधून दिला, डोक्यावरचा वारा कसा कमीजास्त करायचा ते दाखवलं आणि म्हणालो, "काही लागलं तर मला सांगा हं, आजी. घाबरायचं नाही."

अर्ध्या तासाने ढग आले. विमान एसटीसारखं चालू लागलं. आणि मग ते झालं.

सगळ्या खिडक्या एकदम पांढऱ्या झाल्या. जुन्या काळच्या फोटोवाल्याने नाकासमोर दिवा उडवावा तशा. त्याच क्षणी फाडकन आवाज. पत्र्याच्या पिंपावर कुणी मुसळ घालावं तसा. उजेड आणि आवाज यांच्यामध्ये मोजायला एक आकडाही मिळाला नाही. डोक्यावरचे दिवे मिटून उघडले. विमानाने एकदा अंग झाडलं आणि ते पुढे चालू लागलं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला शब्द कुठला आला असेल? देवाचं नाव नाही, बायकोचं नाही. पहिला शब्द आला, "सापडलो!" साठ वर्षं चुकवलं होतं. माजघर नव्हतं, पाट नव्हता, आई नव्हती; आणि मी आपण होऊन तिच्या घरी, ढगात, तिकीट काढून गेलो होतो. दुसरा विचार त्याहून भयंकर. माझ्याबरोबर ही पावणेदोनशे माणसं! यांचा काय दोष? हवाई सुंदरीला बोलावून सांगावं का, "बाई, मी पायाळू आहे, मला इथेच उतरवा"?

तेवढ्यात आजींनी माझ्या बाहीला हात लावला. "भाऊ, इज पडली का इमानावर?"

"छे छे, आजी!" मी म्हणालो. "विमानाचा दिवा आहे तो. अंधार झाला की लावतात."

"अन् आवाज?"

"बटणाचा."

आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून पिशवी उघडली, एक डबा काढला आणि डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. "घ्या. खाऊन घ्या. गोड खाल्लं का जिवाले बरं वाटते."

मी खाल्ला. उरलेला प्रवासभर त्यांचा हात माझ्या हातावर होता. एका घाबरलेल्या म्हातारीला आपण धीर देतो आहोत, या कल्पनेने मलाही जरा धीर आला. मध्येच वैमानिकाने सांगितलं की हवामान जरा बरं नाही, पट्टे बांधून ठेवा. इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. 'वीज' हा शब्द दोन्ही भाषांत आला नाही. मला बरंच वाटलं. खोटं बोलणारा मी एकटा नव्हतो.

नागपूरला उतरलो. सामानाच्या पट्ट्यापाशी आजींची पेटी काढून दिली. त्यांचा नातू बाहेर यायचा होता. आजी म्हणाल्या, "भाऊ, एक बोलू का? थे इजच होती."

मी काहीतरी पुटपुटलो.

"दिव्याले आवाज नसते," आजी म्हणाल्या. "मी इज पायली हाये. माह्या धाकट्या दिराले इजेनं नेलं. पराटीत निंदन चाललं होतं. पाणी आलं. सारे भिजत घराकडे पयाले, अन् हा चिंचेखाली जाऊन उभा रायला. भिजू नये म्हून. बावीस वर्साचा होता." त्या थांबल्या. "झाडाखाली उभं राहू नये हे मास्तरले माईत होतं, पेपरात छापून येत होतं. त्याले कोनं सांगतलं नाई. म्हून मी तुमाले इचारलं. तुमी शिकलेले दिसले. मले भेव नोतं वाटत. मले माईत करून घ्याचं होतं, का इमानावर इज पडली त मानसाचं काय होते. मंग तुमचं तोंड पायलं, अन् म्हटलं, जाऊ दे, याले आधी लाडू देऊ."

नातू आला, त्याने माझ्या पाया पडून आजींची पेटी उचलली आणि ते निघून गेले. मी पट्ट्यापाशी उभा. माझी बॅग माझ्यासमोरून दोनदा फिरून गेली.

खोटं बोलण्याचं मला काही नवं नाही. बँकेत छत्तीस वर्षं "साहेब आत्ताच बाहेर गेले" म्हणत आलो. आणि संकटातल्या माणसाशी त्याच्या भल्यासाठी खोटं बोलावं की नाही, यावर आपल्याकडे धर्मराजापासून चर्चा चालू आहे. दवाखान्यात आजाऱ्याला सांगतो, रंग बरा दिसतोय. परीक्षेत आपटलेल्या पोराला सांगतो, पेपरच अवघड होता. अशा खोट्याला आपण दया म्हणतो. पण दया करणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असावं लागतं, ही साधी अट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. मी आजींपासून काय लपवलं? वीज पडल्यावर विमानाचं काय होतं, हे मलाच माहीत नव्हतं. खिशात दमडी नसताना मी दानधर्म करायला निघालो होतो.

योगायोग असा, की नवरीचा भाऊ विमानांच्या देखभालीचा इंजिनियर निघाला. त्याला मी जेवणाच्या रांगेतच धरला. त्याने मुलीकडच्यांच्या आदबीने माझ्या पानात आधी दोन जिलब्या वाढल्या आणि मग एक स्टीलचा डबा उचलून दाखवला.

"काका, विमान म्हणजे हा बंद डबा. वीज नाकावर किंवा पंखाच्या टोकावर येते, बाहेरच्या पत्र्यावरून धावते आणि शेपटीकडून निघून जाते. आतल्या माणसाला शिवत नाही. उतरल्यावर आम्ही टॉर्च घेऊन पत्रा तपासतो. कुठेतरी बारीक काळे डाग सापडतात. डाग मर्यादेत असले तर विमान पुन्हा उडतं."

"म्हणजे हे वरचेवर होतं?"

"प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा तरी बसतेच."

मी जिलबी खाली ठेवली. जगातली सगळी विमानं वर्षाकाठी एकेकदा वीज खाऊन गुपचूप घरी येतात आणि कुणाला पत्ता नाही! आमच्याकडे दुधाचं भांडं पडलं तरी चार घरांना कळतं.

घरी परतल्यावर मी यावर वाचत बसलो. बंद डब्याची ही गोष्ट मायकेल फॅरडेची. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फूट लांब, रुंद आणि उंच असा एक पिंजरा बांधला, त्यावर धातूचं आवरण दिलं आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून यंत्राने पिंजऱ्यावर वीज सोडली. बाहेरच्या अंगाने ठिणग्या उडत होत्या आणि आत फॅरडेच्या नाजूक उपकरणांचा काटाही हलत नव्हता. आईने मला माजघरात बसवलं त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीचा हा पाट! मोटारीतही आपण विजेपासून वाचतो ते याच कारणाने. आम्ही समजत होतो रबरी टायरमुळे. मैलभर हवा फाडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? वाचवतो तो भोवतीचा पत्रा.

पण खरा धक्का पुढेच होता. उडत्या विमानावर जी वीज पडते, ती बहुतेक वेळा पडत नाहीच. विमान तिला बोलावतं. शेकडा नव्वद वेळा असं होतं म्हणतात. ढगात वीज साठून आधीच ताण आलेला असतो. त्यात हे लांबलचक धातूचं धूड नाक खुपसतं. नाकाशी, पंखांच्या टोकांशी, शेपटीशी तो ताण एकवटतो, आणि ठिणगीची सुरुवात विमानाच्याच अंगापासून होते. ते तिथे गेलं नसतं तर ती वीज त्या घडीला कदाचित झालीच नसती.

म्हणजे पायाळू मी नव्हतो. पायाळू विमान होतं! हे वाचून मी एवढ्या मोठ्याने "आई!" म्हणालो, की ही स्वयंपाकघरातून धावत आली.

हे माणसाला कळलं कसं? लपून बसून नव्हे. नासाने १९८० ते १९८६ या वर्षांत एफ-१०६ जातीचं एक लढाऊ विमान मुद्दाम वादळी ढगांत घातलं. एकदा नाही, दोनदा नाही. त्या विमानाने एकूण ७१४ वेळा वीज अंगावर घेतली आणि दरवेळी ते तिची मोजमापं घेऊन परत आलं. ते चालवणाऱ्यांच्या आयांनी त्या काळात किती तांदूळ निवडले असतील!

इथपर्यंत सगळं छान होतं. आजींना आता खरं सांगता येईल, आणि खरंच खोट्यापेक्षा जास्त धीर देणारं निघालं, असा सुंदर निष्कर्ष काढून मी झोपायच्या तयारीत होतो. पण सत्याची एक खोड आहे. ते आपल्याला हवं तिथे थांबत नाही. मी पुढचं पान उलटलं.

८ डिसेंबर १९६३. पॅन अमेरिकन कंपनीचं बोइंग ७०७ विमान, फ्लाइट २१४. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या एल्कटन गावाजवळ ते रात्री आकाशात घिरट्या घालत उतरायची परवानगी मिळायची वाट पाहत होतं. वीज बसली, डाव्या पंखातल्या टाकीतली इंधनाची वाफ पेटली, पंख तुटला. विमानातली सगळी ८१ माणसं गेली. त्यानंतर चौकशी झाली, इंधनाच्या टाक्यांबद्दलचे नियम कडक झाले. सांधे, झाकणं, वाफ बाहेर पडायच्या वाटा, कुठेही ठिणगी उडता कामा नये, हे विमान बांधतानाच बघितलं जाऊ लागलं. हल्ली कार्बनच्या धाग्यांचं अंग असलेली विमानं निघाली आहेत. कार्बन विजेला धातूइतकी चांगली वाट देत नाही, म्हणून त्याच्या थरात धातूची बारीक जाळी घालतात. नागपूरच्या वाटेवर मी आणि आजी लाडू खात सुखरूप बसलो होतो, ते नुसतं फॅरडेमुळे नाही. त्या ८१ जणांमुळेही.

आता हे सांगायचं का? विमान हलतंय, खिडकी पांढरी झाली आहे, आणि शेजारची आजी विचारते आहे. तिला मी एल्कटनची हकिगत ऐकवू?

दोन दिवस मी या प्रश्नाने बेजार होतो. तिसऱ्या दिवशी मला माझ्याहून मोठी माणसं याच पेचात सापडलेली भेटली. १४ नोव्हेंबर १९६९. अपोलो १२ चंद्राकडे निघालं ते पावसात. पहिली वीज साडेछत्तीसाव्या सेकंदाला, दुसरी बावन्नाव्या. तीही यानानेच ओढवून घेतलेली. ते उंच रॉकेट आणि त्यामागची तापलेल्या वायूंची शेपटी, दोन्ही मिळून ढगापासून जमिनीपर्यंत तार टाकल्यासारखं झालं. यानातले धोक्याचे दिवे धडाधड लागले, ह्यूस्टनला पोचणारी आकडेवारी बिनअर्थाची झाली. तिथे जॉन आरन नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा बसला होता. असाच गोंधळ त्याने पूर्वी एका चाचणीत पाहिला होता. एक बटण फिरवा, म्हणाला. ते बटण कुठलं हे त्याच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. यानातल्या ॲलन बीनला ठाऊक होतं. त्याने फिरवलं, आणि आकडे परत आले.

इथवर ही शाबासकीची गोष्ट आहे. पण जमिनीवरच्या लोकांना एक शंका राहिली. परत येताना हवाई छत्र्या उघडणारी यंत्रणा या विजेने बिघडली असेल तर? तपासायला उपाय नव्हता. आत्ता परत बोलावलं तरी उतरायचं त्याच छत्र्यांनी, आणि चंद्रावरून आले तरी त्याच छत्र्यांनी. तेव्हा त्यांनी ठरवलं, तिघांना सांगायचं नाही. तिघं चंद्राच्या वाटेला लागले, त्यातले दोघं चंद्रावर चालून आले, २४ नोव्हेंबरला परतले. छत्र्या उघडल्या.

बरोबर केलं का त्यांनी? मला वाटतं, केलं. पण त्यांचं गप्प बसणं आणि माझं बटण यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यांना जेवढं कळण्यासारखं होतं तेवढं कळलं होतं, मला शून्य. सांगून हातात काही येणार नव्हतं, हे त्यांनी आधी हिशेब करून पाहिलं होतं. मी हिशेबाची वहीच उघडली नव्हती. आणि मुख्य म्हणजे, त्या तिघांनी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. मला आजींनी विचारलं होतं. विचारणाऱ्या माणसाला उत्तर हवं असतं; त्याला काय सोसेल हे परस्पर ठरवणारे आपण कोण? पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या चिंचेच्या झाडाचं खरं एका बावीस वर्षांच्या पोराला कुणी सांगितलं नाही. ते मुद्दाम लपवलं नव्हतं कुणी. सांगायचं राहिलं, एवढंच. अजूनही आपल्या देशात दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून जातात, पुष्कळशी शेतात, उघड्या रानात. ज्याच्याभोवती पत्रा आहे तो वर ढगात बसून लाडू खातो. ज्याच्याकडे आडोसा नाही त्याच्याकडे निदान माहिती तरी पोचायला हवी.

आणि विमान तरी काय करतं? ते विजेला अडवत नाही, नाकारत नाही. येऊ देतं, पाठीवरून जायला सलग वाट देतं, आणि सोडून देतं. वाट जिथे तुटते, सांधा जिथे सैल असतो, ठिणगी तिथे उडते. आजींनी विचारलं तेव्हा मी म्हणायला हवं होतं, "हो, वीजच होती. मला या विषयातलं काही कळत नाही आणि मी फार घाबरलो आहे." लाडू तरीही मिळाला असता. कदाचित दोन मिळाले असते.

परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं. मी खिडकीपासून उठलो, आणि उठता उठता खाली पाहिलं. आमच्या सोसायटीच्या मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं थेंब पडू लागताच पळाली आणि कोपऱ्यातल्या गुलमोहराखाली जाऊन उभी राहिली. सहा-सात पोरं, एकमेकांना चिकटून, भिजू नये म्हणून.

मी चपला घातल्या. ही म्हणाली, "कुठे निघालात? वर गडगडतंय. आणि तुम्ही पायाळू!" तीस वर्षांच्या संसारात तिने तो शब्द पहिल्यांदाच थट्टेशिवाय उच्चारला.

मी धावलो. या वयात मी धावतो म्हणजे काय करतो ते सोडून द्या. पोरांना हाकलत जिन्यात आणलं. सगळी भिजली आणि माझ्यावर चिडली. मग पायरीवर बसवून त्यांना झाडाचं सांगितलं, मोटारीचं सांगितलं, विमानाचं सांगितलं. एल्कटनचंही सांगितलं. ती घाबरली नाहीत. मग टाकीचं पुढे काय केलं, एवढंच त्यांनी विचारलं.

तेवढ्यात बाहेर लख्ख झालं आणि इमारत हादरेल असा कडकडाट झाला. मी जागच्या जागी उडालो. सगळ्यात धाकटा पोरगा माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "आजोबा, तुम्हाला भीती वाटते?"

बटणाचा आवाज आहे, असं जिभेवर आलं होतं.

"हो रे," मी म्हणालो. "फार वाटते."

तो सरकून माझ्याजवळ बसला आणि खिशातून एक ओलं चॉकलेट काढून त्याने माझ्या हातावर ठेवलं.